काळी चार आणि आंघोळीची मोटर

आमच्या चंदीगडच्या घरमालकांनी आम्हांला घर दाखवलं ते आधी स्वतः ऐकून घेऊन. आम्ही नवराबायको वरच्या मजल्याच्या दारात उभे, आणि हे गृहस्थ हातभर लांबीचा एक लाकडी रूळ न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून, त्याचं दुसरं टोक कानाला लावून, डोळे मिटून उभे. मला वाटलं, त्यांच्यात पूजाबिजा असेल काही. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि समाधानानं सांगितलं, “पाइप खुश आहे.”

सत्तरीचं दशक तेव्हा निम्मं उलटलं होतं. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणजे तीन-चार वर्षं झाली की ट्रंका बांधणं आलंच. इथल्या मराठी मंडळातल्या कुणीतरी सांगितलं, की एकवीस सेक्टरमध्ये एका मराठी माणसाचं घर आहे, वरचा मजला रिकामा आहे, माणूस सोन्यासारखा आहे, फक्त जरा... आणि सांगणाऱ्यानं कानाशी बोट फिरवलं. लोक डोक्याशी फिरवतात. ह्यानं कानाशी का फिरवलं ते आम्हांला त्या दिवशी कळलं.

त्यांना सगळे काकाजी म्हणत. मूळचे अमरावतीकडचे. हे शहर बांधलं जात होतं तेव्हा पाण्याचे पाइप टाकायला आलेल्या इंजिनियरांपैकी एक. शहर उभं राहिलं, बाकीचे आपापल्या मुलखात परतले, काकाजी राहिले. ते म्हणत, की ह्या गावाच्या पोटात काय आहे ते मला माहीत आहे, दुसऱ्या गावात जाऊन मी अनोळखी जमिनीवर झोपू कसा? पंचवीस वर्षं पंजाबात काढूनही त्यांची मराठी वऱ्हाडातच बसलेली होती, फक्त तिच्यात ‘पक्का’ आणि ‘ओ यार’ येऊन राहिले होते. पंजाबीही ते वऱ्हाडी चालीत बोलत, आणि भाजीवाले सरदारजी ती विनातक्रार समजून घेत.

रूळ भिंतीवरून काढल्यावर त्यांनी आम्हांला शॉवर दाखवला. सांगलीच्या आमच्या घरी बंबाचं पाणी आणि पितळी तांब्या, त्यामुळे मी आपली कौतुकानं बघत राहिले. काकाजींनी सगळं समजावून सांगितलं. गच्चीवरची टाकी न्हाणीघराच्या अगदी डोक्यावर, तिथून पाण्याला पडायला उंचीच नाही, नुसतं ठिबकेल. म्हणून खाली मागच्या अंगणात जमिनीत टाकी आहे, तिच्यावर मोटर आहे, ती शॉवरला जोरात पाणी देते, आणि तिचं बटण इथं, न्हाणीघराच्या दाराबाहेर. “घर देतो ते शॉवरसकट,” ते म्हणाले. “हा माझा शब्द आहे.” एवढं बोलून त्यांनी बटण दाबलं.

पत्र्याच्या डब्यात मांजर कोंडावं तसा आवाज खालून आला. काकाजींचा चेहरा दात दुखल्यासारखा झाला. आमचे हे घाईघाईनं म्हणाले, चालेल, चालेल, काही हरकत नाही. काकाजींनी मान हलवली. “तुम्हांला चालंल हो. मले नाही चालत. बेअरिंग रडून राहिलं तिचं.”

त्यांच्याजवळ राहायला लागल्यावर कळलं, की त्यांना जग दिसत कमी होतं आणि ऐकू जास्त येत होतं. माणसांचे चेहरे ते विसरत, स्कूटरी विसरत नसत. आमच्याकडे कुणी आलं तर ते खालूनच ओरडून सांगत, “बाई, ते आले, ज्यांचं सायलेन्सर सुटलं आहे ते.” मी कुकर लावला की तिसऱ्या शिट्टीला खालून सूचना येई, की रबर बदला. ह्यांची स्कूटर नाराज आहे असं ते महिनाभर सांगत होते, आणि हे ती खरंच नाराज होईपर्यंत ऐकत नव्हते. मंडळाच्या गणपतीत एकदा आरती रंगात आली असताना काकाजींनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि बायकांना पंख्याखालून बाजूला केलं. पंखा पडणार म्हणाले. पंखा काही पडला नाही. त्या वर्षीही नाही आणि पुढच्याही नाही. लोक पुष्कळ हसले. काकाजी शांतपणे म्हणाले, “आज बरा आहे. पण मनातून बरा नाही.”

गंमत अशी, की गाण्यातलं मात्र त्यांना ओ की ठो कळत नसे. आणि बायको गाणारी.

काकू नागपूरच्या. लहानपणापासून एका बुवांकडे गाणं शिकल्या होत्या, लग्नाआधी दोन-चार बैठकाही केल्या होत्या. मग ह्या अर्धवट बांधलेल्या गावात आल्या. तेव्हा इथं सगळीकडे नुसती धूळ, विटांचे ढीग आणि सायकली. तंबोऱ्याची तार तुटली तर अंबाल्यापर्यंत शोधाशोध. मुली झाल्या, वाढल्या, लग्न होऊन एक पुण्याला गेली, एक परदेशी. गाणं मागं मागं पडत गेलं. आणि काही वर्षांपूर्वी गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, साधी होती, पण आवाजही तिच्याबरोबर गेला. वर्षभर त्या कुजबुजल्यासारख्या बोलत. मग हळूहळू आवाज परत यायला लागला, तेव्हा त्यांनी ट्रंकेमागून तंबोरा काढला, पुसला आणि रोज सकाळी सात वाजता रियाजाला बसायला लागल्या. आम्ही राहायला गेलो तेव्हा ह्या गोष्टीला जेमतेम दोन-तीन महिने झाले होते.

त्यांचा षड्ज काळी चारचा. म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. बुवांनी मुलीचा गळा बघून तो दिला होता आणि काकूंना तो माहेरच्या नावासारखा होता. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की आता आवाज परत आलाय तो टिकला पाहिजे. ह्या खेपेला सुटलं तर माझ्यानं पुन्हा धरणं व्हायचं नाही गं. हसतच म्हणाल्या, पण मला ते हसणं आवडलं नाही.

आणि नेमक्या सात ते आठ ह्याच वेळात आमच्या घरच्या आंघोळी. नळाला पाणी सकाळीच, ह्यांचं ऑफिस नऊचं. काकू खाली डोळे मिटून षड्ज लावत, वर मी किंवा हे बटण दाबत, आणि मागच्या अंगणातून ते डब्यातलं मांजर गळा काढी. तंबोरा थांबे. आमची आंघोळ संपे. तंबोरा सुरू होई. तोवर दुसऱ्याची आंघोळ.

आम्ही अर्थातच खाली जाऊन सांगितलं, की आम्ही बादलीनं आंघोळ करतो. आम्हांला त्याचीच सवय आहे, उलट शॉवरखाली ह्यांचं डोकं दुखतं. काकाजींनी ऐकूनच घेतलं नाही. “घर देताना शॉवर सांगितला होता,” ते म्हणाले. मग मी म्हटलं, काकूंनी जरा उशिरा बसावं. तर म्हणाले, तिनं काहून? तिचे बुवा सातलाच बसवत. म्हणजे आम्ही बदलायचं नाही, काकूंनी बदलायचं नाही, बदलायची ती मोटर. भरीला त्यांनी ह्यांना ताकीद दिली, की रोज शॉवर घेतलाच पाहिजे, नाहीतर मोटर नवी बसवल्यावर तिचा आवाज तपासायचा कसा? हे बिचारे रोज डोकं दुखवून घेत राहिले.

आता पंप आणायचा म्हणजे तुम्ही-आम्ही काय करू? दुकानात जाऊ, चांगला कुठला विचारू, घेऊन येऊ. काकाजी दुकानात जात आणि पंप चालू करून दाखवायला सांगत. बादलीत पाणी घ्या, नळी लावा, चालू करा. मग रूळ मोटरीच्या पाठीवर टेकवून, कान लावून, रस्त्यावरची रहदारी थांबायची वाट बघत उभे राहात. अठरा सेक्टरची दुकानं झाली. मनीमाजऱ्याचा बाजार झाला. पिंजौरला कुणाच्या तरी कारखान्यात चांगली मोटर बनते असं कळलं म्हणून बसनं पिंजौरला जाऊन आले. दुकानदार पहिल्या दिवशी खुर्ची देत, दुसऱ्या दिवशी चहा देत, तिसऱ्या दिवशी लांबून दिसले की पोराला सांगत, की मालक जेवायला गेलेत म्हणून सांग.

घरी आणून बघायला त्यांनी पाच-सहा तरी पंप आणले असतील. प्रत्येक वेळी अंगणात पाने-पकडी, सुतळी, टेफ्लॉनच्या पट्ट्या ह्यांचा पसारा, आणि सकाळी सातला सगळ्या घराचा श्वास रोखलेला. किंचाळणं तर पहिल्याच नव्या पंपानं थांबलं होतं. मला वाटलं, संपलं. पण काकू षड्ज लावत, मोटर सुरू होई, आणि काकू पुन्हा थांबत. आता आवाज मोठा नव्हता. एक सपाट घूं, इतकंच. तरी काकू म्हणत, नाही हो, हिच्यापुढं सूर लागत नाही, ही मला ओढते.

काकाजी एक दिवस अंगणात बसून नुसतं ऐकत होते. तंबोरा आणि मोटर दोन्ही चालू होती. अचानक ते उठले आणि मला खालून हाक मारली. डोळे चमकत होते. म्हणाले, “बाई, ऐका. घुंग-घुंग, घुंग-घुंग. दोन मशिनी जवळजवळ सारख्या चालल्या, पण पक्क्या सारख्या नाही, की अशाच भांडतात. पंपहाउसात मी हे रोज ऐकायचो.” मी कान दिला. खरंच, तंबोऱ्याचा सूर आणि मोटरीची घूं एकमेकांवर आपटून हवेत एक थरथर उठत होती. ज्या माणसाला गाण्यातलं काही कळत नाही त्याला बायको का थांबते ते असं कळलं.

दुसऱ्या दिवशी ते काकूंची पेटी सायकलरिक्षात घालून मनीमाजऱ्याला गेले. कुठली पट्टी ते विसरू नये म्हणून काळी चारवर खडूनं खूण केली होती. हे बरोबर गेले होते, कारण रिक्षात पेटी धरून बसायला कुणीतरी हवं होतं, आणि त्यांनी परत येऊन जे सांगितलं ते मी आजही हसल्याशिवाय सांगू शकत नाही. दुकानाच्या फळीवर पेटी. एक-एक पंप चालू करायचा, काकाजींनी भाता मारून काळी चार दाबून धरायची आणि डोळे मिटून घुंग-घुंग होते का ते ऐकायचं. बाहेर माणसं जमली. एक म्हातारा सरदारजी भजन सुरू होणार म्हणून जोडे काढून आत येऊन बसला. दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला, “बाऊजी, पंप लेना है या वाजा बजाना है?”

दुकानातले सगळे पंप संपले. काकाजींनी पेटी बंद केली.  घरी आल्यावर पायरीवर बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, की सगळ्या मोटरी एकाच सुरात घुमतात. लहान, मोठी, महाग, स्वस्त. कारण वीज एकच आहे. तीच वीज घुमते, मोटर नुसतं तोंड आहे. अमरावतीच्या मोटरीही ह्याच सुरात घुमत असतील. हे सांगताना ते इतके खिन्न होते, की जणू सगळा देश काकूंच्या विरुद्ध गेला आहे.

इथंच थांबले असते तर बरं. पण इंजिनियर माणूस, प्रश्न सोडून द्यायचा कसा? संध्याकाळी आम्ही चौघं अंगणात चहा घेत होतो. काकाजींनी पेटीवर शोधून काढलं होतं, की मोटरीचा सूर काळी चारच्या जरासा खाली, पांढरी पाचच्या किंचित वर येतो. त्यांना उत्तर सापडलं होतं. अगदी सहज, पाइपाचा एक तुकडा कापून टाकावा तसं ते काकूंना म्हणाले, “तू अर्धा सूर खाली ये नं. भांडण मिटलं.”

काकूंनी कप खाली ठेवला. “मोटरीला सांगा वर यायला,” त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

काकाजींना काय झालं ते कळेना. मला कळलं होतं, कारण मी रोज वरून ऐकत होते. ऑपरेशननंतर काकूंचा वरचा षड्ज लागत नव्हता. मोटर चालू नसे तेव्हा त्या वर जातच नसत, मध्य सप्तकात फिरत राहात. मोटर सुरू झाली, की मगच वर जायला निघत आणि मधेच थांबून म्हणत, बघा, हिनं सूर मोडला. आवाज खाली उतरलाय हे त्या स्वतःला सांगायला तयार नव्हत्या, आणि काकाजींनी ते चहाच्या घोटाबरोबर आमच्यादेखत सांगून टाकलं होतं. चार दिवस त्या घरात फक्त भांडी बोलत होती.

मग काकाजींनी ठरवलं, की सूर बदलत नाही तर आवाजच मारायचा. ह्यानंतरचा महिना आमच्या अंगणात जे चाललं ते बघायला शेजारची पंजाबी कुटुंबं संध्याकाळी कुंपणापाशी खुर्च्या टाकून बसत. सगळ्यांत शांत निघालेला पंप घेतला. तो टाकीजवळून उचलून पार मागच्या कोपऱ्यात, तुतीच्या झाडाखाली नेला. खाली वाळूचा थर, त्यावर ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, त्यावर पंप. लोखंडी पाइप कापून मध्ये रबरी नळी घातली, कारण आवाज पाइपातून चालत घरात येतो असं त्यांचं म्हणणं. वरून लाकडी खोका. मोटरीला श्वास घ्यायला मागं जाळी ठेवली आणि बाकी सगळ्या बाजूंनी आतून कापूस हवा म्हणाले. कापूस कुठून? काकूंच्या हिवाळ्याच्या दोन रजया त्यांनी ट्रंकेतून काढल्या आणि कात्रीनं उभ्या फाडल्या. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मला वाटलं, आता पुन्हा चार दिवस. पण त्या आत जाऊन दाभण आणि दोरा घेऊन आल्या आणि खाली बसून रजईचे तुकडे खोक्याला टाचायला लागल्या. दोघं एक शब्द न बोलता काम करत होती. त्या संध्याकाळी मला ती दोघं फार आवडली.

ज्या दिवशी ते सगळं जुळून आलं त्या सकाळी काकाजींनी दाढी करून धुतलेला शर्ट घातला होता. रूळ हातात. ह्यांना वर सांगून ठेवलं होतं, की सातला बटण दाबा. हे न्हाणीघराच्या दाराशी गेले, मी खिडकीत. बटण दाबलं गेलं. शॉवरचं पाणी पडायला लागलं. आणि खालून काही नाही. खरंच काही नाही. तुतीवरच्या साळुंक्या ऐकू येत होत्या. काकाजींनी माझ्याकडे वर बघितलं आणि रूळ हवेत उंच धरला. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर पुन्हा पाहिला नाही.

काकूंनी तंबोरा छेडला. मोकळा, स्वच्छ, काळी चारचा. षड्ज लावला. इतक्या महिन्यांत तो असा सलग मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग त्या हळूहळू वर निघाल्या. पंचम झाला, धैवत झाला, निषादावर थोड्या थांबल्या आणि वरचा षड्ज घ्यायला गेल्या. आवाज चिरकला. अर्धवट, कापड फाटावं तसा. त्यांनी पुन्हा खालून सुरुवात केली. पुन्हा तिथंच. मी खिडकी सोडून आत जावं असं मला वाटत होतं आणि पाय निघत नव्हते. त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, ह्या वेळी अगदी हळू आवाजात, आणि मग तंबोराही थांबला. इतके दिवस बेसूर मोटर होती. आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्या बाहेर आल्या. काकाजी रूळ हातात धरून उभेच होते. “छान झालं हो. काही आवाज नाही,” असं म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या. तंबोऱ्यावर त्यांनी गवसणी चढवली ती मी दुपारी विरजण मागायला गेले तेव्हा पाहिली.

त्यानंतरच्या आठवड्यांत सातला खाली काहीच वाजेना. आमचा शॉवर झकास चालायचा. हे दोन मिनिटांत अंग भिजवून बाहेर येत, मला तर त्याच्याखाली उभं राहणं नकोसं झालं होतं. काकू लोणची घालत, मुलींना लोकरीचं विणत, माझ्याशी हसून बोलत, आणि गाण्याचा विषय निघाला की गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणून उठत. काकाजींनी रूळ कपाटामागं टाकला. कुकरच्या शिट्टीबद्दल सूचना येईनात. स्कूटरवरून कुणी आलं तर ते दार उघडून, चेहरा बघून, कोण आपण म्हणून विचारत. सकाळी उठून तळ्याकडे फिरायला जात आणि ऊन चढल्यावर परत येत, सातच्या शांततेत घरात बसायला नको म्हणून.

एकदा जिन्यात भेटले. मी उगाच काहीतरी विचारायचं म्हणून पंप बरा चाललाय ना, असं विचारलं. ते कठड्याला धरून उभे राहिले. म्हणाले, “बाई, ती त्या आवाजाच्या आडोशाला बसून गाऊन राहिली होती. मी इंजिनियर. मी आडोसाच काढून टाकला.”  मी म्हटलं, तुम्ही काकूंसाठीच केलंत. ते म्हणाले, म्हणून तर जास्त लागतं.

नंतर एका रविवारी सकाळी ठोकाठोकीच्या आवाजानं मी खिडकीशी गेले. आमच्या आंघोळी आटोपल्या होत्या, हे पेपर वाचत होते. खाली काकाजी पंपाचा खोका उपटत होते. जाळी बाजूला पडली होती, रजईचा कापूस सगळ्या हिरवळीवर उडत होता. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“हे काय चाललंय?”

“आवाज परत आणतो,” काकाजी मान वर न करता म्हणाले. “पहिल्यासारखी घुमू दे तिले. मग तू बस.”

 मला वाटलं, आता ह्या माणसाचं काही खरं नाही. अर्धा सूर खाली ये म्हटलं तर चार दिवस अबोला. आता तर, तुझा आवाज झाकायला मोटर लावतो, असंच सांगून मोकळा झाला. काकू तुतीखाली गेल्या, खाली वाकल्या आणि गवतातला कापूस उचलून ओच्यात गोळा करायला लागल्या. बराच गोळा झाल्यावर त्या तशाच बसल्या बसल्या म्हणाल्या, “मला ऐकू आलंय सगळं त्या दिवशी. आता झाकून काय करू?”

“मग काय करू मी, तूच सांग,” काकाजी म्हणाले. एवढ्या मोठ्या शहराला पाणी पाजलेला माणूस, हातात कापसाचा बोळा धरून उभा होता.

काकू उठल्या. आत गेल्या आणि तंबोरा घेऊन बाहेर आल्या. अंगणात बसून त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पायरीवर बैठक मारली, गवसणी काढली आणि वर खिडकीकडे बघून मला हाक मारली.

“मोटर लाव गं.”

मी म्हटलं, काकू, आंघोळी झाल्या सगळ्यांच्या.

“मग पाणी नुसतं सोड. लाव.”

मी जाऊन शॉवरचा नळ पूर्ण उघडला आणि बटण दाबलं. खोक्याबाहेर आलेली मोटर घुमायला लागली, तीच सपाट घूं. खिडकीशी परत आले तर काकू खुंट्या पिळत होत्या. तारा खाली उतरत होत्या. घुंग-घुंग, घुंग-घुंग, मग ती थरथर सावकाश होत गेली, लांबली आणि एका क्षणी नाहीशी झाली. तंबोरा आणि मोटर एक झाली होती. काकाजींच्या ते लक्षात आलं. त्यांनी तोंड उघडलं, काहीतरी तांत्रिक बोलणार होते बहुतेक, आणि देवाच्या कृपेनं बोलले नाहीत.

“झाकायला नाही हं,” काकू त्यांना म्हणाल्या. “धरायला. आणि खाली मी माझी आलेय. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही.”

मग त्यांनी षड्ज लावला. अर्धा सूर खाली, जाडसर, जरा वयस्कर असा. माझ्या ओळखीचा नव्हता. त्या वर निघाल्या, थांबत थांबत, आणि निषादापाशी आल्या तेव्हा मी खिडकीचा गज घट्ट धरला होता. वरचा षड्ज लागला. पूर्ण लागला. त्या तिथंच राहिल्या, सोडवेना त्यांना, श्वास संपेपर्यंत राहिल्या, आणि पुन्हा श्वास घेऊन पुन्हा तिथंच गेल्या. मला रडू आलं. आत हे पेपर खाली ठेवून बसले होते.

न्हाणीघरात पाणी धो धो वाहत होतं. नळाला पाणी येण्याची वेळ केव्हाच टळली होती. अंगणातल्या टाकीत होतं तेवढंच होतं, ते संपलं की मोटर कोरडी पडणार आणि बंद करावी लागणार, हे मला कळत होतं. काकाजींनाही कळलं असावं. ते टाकीचं झाकण उघडून आत वाकून बघत होते. मी वरून खूण केली, बंद करू का? त्यांनी दोन्ही हात जोरजोरानं हलवले. मग चपला तिथंच सोडून, काकूंच्या मागून, आवाज होऊ नये म्हणून चवड्यांवर चालत ते स्वयंपाकघरात गेले आणि पिण्याच्या पाण्याची कळशी उचलून घेऊन आले. ती त्यांनी टाकीत ओतली, कडेकडेनं, धार भिंतीला लावून, जराही खळखळ न करता. रिकामी कळशी घेऊन ते परत आत गेले, आणि ह्या खेपेला दुधाच्या पातेल्यात झाकून ठेवलेलं पाणी घेऊन आले.